लाल ओळ

न्यामिका, शिरे खोरं
१२ ऑक्टोबर २००३

दाजी,

एक गुडघा टेकून नमस्कार. दुसरा टेकत नाही. तुम्ही माझ्या बहिणीला झोंब्याच्या थंडीत नेऊन ठेवलंत आणि वर्षातून एकदाही सासुरवाडीच्या शेतात कुदळ मारायला येत नाही, म्हणून. इतरांचे जावई सासूचं छप्पर शाकारतात, आमचा जावई पेटी पाठवतो!

तर पेटी पोचली. चौघांनी गाडीतून उतरवली, बाळंतिणीला उतरवतात तशी. शाळेच्या टेकडीवरच्या पत्र्याच्या खोलीत बसवलीय. वर सौर पाटी, बाहेर खांबावर भोंगा. पाहुणे आले, फीत कापली, त्यातल्या गोऱ्या बाई बायकांबरोबर नाचल्यासुद्धा. जलखात्याचे साहेब इतकं लांब बोलले की आमचे म्फुमु खुर्चीतच पेंगले. गावचा प्रमुख असा घोरताना बघून पोरं खिदळत होती.

पण म्फुमु झोपेतही सगळं ऐकतात. संध्याकाळी मला बोलावलं. पेटीची राखणदार मी, म्हणून जबाबही माझाच. म्हणाले, "एस्नाती, डोंगरावर पाऊस पडला की ही बया पाणी यायच्या दोन तास आधी ओरडणार, हे नक्की?" मी म्हटलं, "माझ्या दाजींनी बनवलीय, म्फुमु." ते म्हणाले, "ते ऐकलं. मी विचारलं, नक्की का? नदीच्या वळणावरच्या खडकावर चाझुका म्हातारा आणि त्याची माणसं पाण्यावर नजर ठेवून ढोल घेऊन बसतात. पेरणीच्या दिवसांत त्यांची शेतं ओसाड राहतात. त्यांना उठवू का?"

मी म्हटलं, थांबा, विचारून सांगते.

दाजी, थट्टा बाजूला. आईचं घर कुठे आहे ते तुम्हाला ठाऊक आहे, अगदी खालच्या काठावर. तिचा गुडघा गेलाय. टेकडी चढायला तिला अर्धा तास लागतो, तोही माझ्या खांद्यावर भार टाकून आणि पावलापावलाला मला शिव्या घालत. वरचं घर बांधू म्हटलं तर म्हणते, नवऱ्याचं थडगं सोडून जाणार नाही. म्हणून खरं सांगा. तुम्ही जवळ नसताना पेटी एकटी चालेल ना?

तुमची,
एस्नाती

•

झोंबा
२६ ऑक्टोबर

प्रिय मेहुणीबाईंस,

उरलेला गुडघा मी उधार धरतो. वसूल करीन.

तुझ्या प्रश्नाला उत्तर द्यायचं तर थोडं शिकवावं लागेल. जांभई देऊ नकोस. आमचं गणिताचं सॉफ्टवेअर म्हणजे आपल्या चर्चमधले म्हातारे पाद्री. फार विद्वान, पण प्रत्येक ओळ वाचणार, थांबणार, अर्थ लावणार, मग पुढे. नदी इतकी थांबत नाही. म्हणून कंपायलर. तो सगळं गणित एकदाच यंत्राच्या भाषेत उतरवून ठेवतो. मग वाचणं नाही, विचार नाही, नुसतं धडाधड.

फक्त सॉफ्टवेअरमधली सगळीच फंक्शनं कंपायलरला येत नाहीत. बेरीज, वर्गमूळ, लॉग, दोनातलं मोठं निवडणं, असली येतात. कुठली येतात त्याची यादी असते. जे येत नाही तिथे तो अडून बसत नाही. मुकाट्यानं म्हाताऱ्या पाद्र्याकडे जातो, "हे मला जमत नाही, तुम्ही करून द्या," म्हणतो आणि उत्तर घेऊन परत येतो. गुणी पोर आहे. जाताना तेवढी पडद्यावर एक लाल ओळ लिहून जातो, की अमुक गोष्ट मला येत नाही, विचारून आणतो.

त्या लाल ओळीनं माझी काय फजिती केली! पेटी तिकडे पाठवण्याआधी पाहुण्यांना इथे दाखवताना नेमकी ती उमटली. त्या नाचणाऱ्या बाईंनी बोट ठेवलं, "हे लाल काय आहे? बिघाड का?" विभागप्रमुखांचं तोंड असं झालं, जसं तळलेली मंदाझी खाताना दाताखाली खडा आलाय. मी काहीतरी थाप मारली आणि त्याच दुपारी लाल ओळ बंद केली. आता पडदा कसा स्वच्छ दिसतो.

इथे चहा गार व्हायच्या आत उत्तर येतं. तेव्हा खुशाल सांग म्फुमुंना. पेटीला मी लागत नाही, हेच तिचं वैशिष्ट्य. फेब्रुवारीत माझी प्रोफेसरपदाची मुलाखत आहे आणि ती याच पेटीच्या जिवावर. सासूबाईंना सांग, जावई कुदळ मारत नाही पण नदीला वेसण घालतो.

तुझी ताई एलुबी आणि आमची लेक तिया मजेत आहेत. तियाला पुढचे दोन दात आले.

तुझा दाजी,
लुसुंगु

•

न्यामिका
२३ नोव्हेंबर

दाजी,

नदीला वेसण घालणाऱ्यांना अर्ध्या गुडघ्याचा नमस्कार.

डोंगरावर पहिला पाऊस झाला. तिथल्या मापकांचे आकडे रेडिओवरून पेटीत आले आणि पेटी कामाला लागली. मी म्हटलं, चला, चहा ठेवू. चहा झाला. मग चूल पेटवली, मक्याच्या पिठाची न्सिमा घोटली, मासा शिजवला, आईला वाढलं, मी जेवले, भांडी घासली. आई मला दोन शिव्या देऊन झोपली, उठली, तिसरी दिली. टेकडीवर जाऊन बघते तर बाईसाहेब अजून विचारातच!

उत्तर आलं ते मात्र चोख. काठावरच्या पट्टीशी ताडून पाहिलं, वीतभरही फरक नाही. पण तोवर पाणी येऊन, चढून, ओसरायला लागलं होतं. थोडंच होतं म्हणून बरं, नुसते काठचे बोरू भिजले.

तिथे चहा गार व्हायच्या आत आणि इथे जेवण पचेपर्यंत? शहरातली पोर आहे, आमच्या उन्हानं सुस्तावली असेल, असं मी स्वतःलाच सांगितलं. म्फुमुंना अजून बोलले नाही. चाझुका आजोबा रोज विचारतात, "पोरी, आम्ही उठायचं का? माझी बाजरी कोण पेरणार, तुझी पेटी?" काय सांगू?

एस्नाती

•

झोंबा
७ डिसेंबर

एस्नाती,

पत्र वाचून पोट धरून हसलो. एलुबीलाही वाचून दाखवलं, शिव्यांसकट.

त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पेटीतलं यंत्र लहान आहे आणि तुमच्याकडच्या उन्हात माणूस सुस्तावतो तर यंत्राचं काय! तरी मी सहज यादी काढून पाहिली. नदीची पातळी ठरावीक वेळांनाच मोजलेली असते. मधल्या जागा भरायला मी एक फंक्शन वापरलंय, ते दोन टिंबांमधून इतकं सुरेख वळण काढतं की बघत राहावं. माझ्या पेपरातल्या आकृत्या त्याच्यावरच उभ्या आहेत. ते यादीत नाही असं दिसतं. म्हणजे कंपायलर दर वेळी म्हाताऱ्याकडे जातो. इथलं यंत्र मोठं, म्हणून ध्यानात आलं नाही. किरकोळ गोष्ट आहे.

सवडीनं दुरुस्त करून सीडी पाठवीन. मुलाखत झाल्यावर. आत्ता पाठवायची तर खात्यातून कागद फिरवावा लागेल आणि उद्घाटन झालेल्या पेटीला दुरुस्ती कसली, असा प्रश्न येईल. हे म्फुमुंच्या कानावर घालू नकोस. गावाला एक शब्द दिला की त्याचे दहा होतात.

नाताळासाठी आईंना साखर आणि साबण पाठवतोय.

लुसुंगु

•

न्यामिका
४ जानेवारी २००४

दाजी,

साखर पोचली, साबण पोचला. आई म्हणते, जावई गोड आणि गुळगुळीत आहे हे मला आधीच माहीत होतं.

किरकोळ म्हणालात म्हणजे किरकोळच असेल. मी कुणाला बोलले नाही.

पण इथे एक गंमत झालीय. परवा सभेत पहारा उठवायचा विषय निघाला. मी उभी राहून तुमच्या पेटीची इतकी बाजू घेतली की घसा बसला. म्फुमुंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "शब्द काय, सगळेच जावई देतात. परगावचा माणूस, त्याचं नातं बायकोपुरतं. इतका भरवसा असेल तर त्यानं आपली बायको आणि पोर पावसाळाभर सासूच्या घरी राहायला पाठवावी. खालच्या काठावर. ती आली की मी ढोल खाली उतरवतो."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. चाझुका आजोबा म्हणाले, "आता कळेल जावई कुठल्या मातीचा."

ताईचंही पत्र आलंय. आईचा गुडघा बघायला यायचं म्हणते, आणि तियाला आपल्या शेतातलं कोवळं कणीस खायला घालायचंय. मला भारी आनंद झाला, पण तुम्हाला विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही असं ठरवलंय. एका शब्दात लिहा दाजी. माणसं उठवू की बसवू? तुम्ही "बसव" म्हणालात तर मी म्फुमुंशी भांडेन, लोक तोंडावर हसले तरी चालेल.

एस्नाती

•

झोंबा
१८ जानेवारी

एस्नाती,

एलुबीला सांगून पाहिलं. रस्ता खराब, डास, हिवताप. ती म्हणाली, "मी तिथेच जन्मले, मला डासांची भीती काय घालता? खरं कारण सांगा." मला कारण सुचलं नाही. ती या शुक्रवारच्या गाडीनं तियाला घेऊन निघतेय.

पहाऱ्याचं म्हणशील तर तो तुमच्या गावाचा प्रश्न. मी इथे बसून काय सांगणार? पेटीही आहे, माणसंही आहेत, दोन्ही असली तर बिघडतं काय, असं मला आपलं वाटतं. पण पेटीवर तिच्या कर्त्याचाच विश्वास नाही, असं कुणी म्हणायला नको. मुलाखतीच्या समितीत जलखात्याचे तेच साहेब आहेत आणि त्यांची माणसं दर पंधरवड्याला तुमच्याकडे येतात. तू शहाणी आहेस. तूच बघ काय ते.

तियाला पाणी उकळून द्यायला सांग.

लुसुंगु

•

न्यामिका
१ फेब्रुवारी

दाजी,

आज दोन्ही गुडघे टेकून नमस्कार! उधारी फिटली.

ताई गाडीतून उतरली तेव्हा अर्धं गाव जमलं होतं. म्फुमुंनी स्वतः कोंबडी पाठवली. म्हणाले, "माझी चूक झाली, हा जावई आपला आहे." चाझुका आजोबांनी ढोल खडकावरून उतरवून घरात आढ्याला टांगला आणि माणसांना घेऊन सरळ बाजरीच्या शेतात गेले. तुमचं ते "दोन्ही असली तर" मी वाचून दाखवलं होतं. म्फुमु म्हणाले, "लेखी असं गुळमुळीत लिहितात शिकलेले लोक. बायको पाठवली, हे त्याचं खरं उत्तर."

तियाला कणीस फार आवडलं. चारच दात, पण सोडत नाही. आई तिला मांडीवर घेऊन दिवसभर तुमच्या तक्रारी सांगते.

एस्नाती

•

झोंबा
२० फेब्रुवारी

एस्नाती,

काल रेडिओवर न्यामिकाचं नाव ऐकलं. मदतीच्या गाडीबरोबर हे देतोय. कुणाला काही लागलं नाही ना? भोंगा वाजला ना? एलुबी, तिया, आई, सगळ्या टेकडीवर आहेत ना? जिवात जीव नाही. इथे विचारायला गेलो तर प्रत्येक जण आधी अभिनंदन करतो, कारण सोमवारी मुलाखत झाली आणि मला घेतलं. तुम्हालाच आधी सांगणार होतो.

सोबत सीडी आहे. दुरुस्ती केलीय, एका दुपारचं काम होतं. ते वळणाचं फंक्शन काढून टाकलं आणि दोन टिंबांमध्ये साधी सरळ रेषा घातली. वजाबाकी, भागाकार, सगळं यादीतलं. आकृती जरा ओबडधोबड दिसते, पण आता कपात चहा ओतेपर्यंत उत्तर येतं. लगेच घालून घे.

एक ओळ तरी लिही.

लुसुंगु

•

न्यामिका
७ मार्च

श्री. लुसुंगु यांस,

एक ओळ मागितलीत. एका ओळीत मावत नाही.

रविवार होता. आमच्याकडे आभाळ स्वच्छ होतं, बायकांनी गोधड्या उन्हात घातल्या होत्या. डोंगरावर मात्र आदल्या दिवसापासून कोसळत होतं. आकडे पेटीत येत होते, कधी नव्हते इतके. मी पेटीसमोरच बसले होते. हलले नाही, चहालासुद्धा उठले नाही. पडदा स्वच्छ होता, तुम्हाला हवा होता तसा. मला वाटलं, पेटी काही बोलत नाही म्हणजे बोलण्यासारखं काही नाही.

पाणी वळणावरून आलं तेव्हा खडकावर कुणी नव्हतं. चाझुका आजोबा शेतात वाकलेले होते. आधी गुरं ओरडली, मग माणसं.

ताईच्या पाठीला तिया बांधलेली होती. आई दारात उभी. ताईनं तिला ओढून पाहिलं, दहा पावलं आणलं, गुडघ्यानं साथ दिली नाही आणि दोघी चिखलात पडल्या. ताईला पाठ एकच होती. आई म्हणाली, "पोरीला वर ठेव आणि मला न्यायला ये." ताई धावत वर आली, तियाला माझ्या हातात टाकलं आणि वळली. खाली उतरायला वाटच उरली नव्हती.

आम्ही टेकडीच्या कडेला उभं राहून आईला हाका मारत होतो, तेव्हा डोक्यावर भोंगा वाजला. इतका मोठा आवाज की आमच्या हाका आम्हालाच ऐकू येईनात. मी आत धावले. पडद्यावर उत्तर होतं, पाणी आमच्या घराच्या चौकटीपर्यंत चढेल, दुपारी. बरोबर होतं हो. वीतभरही फरक नाही. फक्त दुपार होऊन गेली होती.

आई तिसऱ्या दिवशी काठच्या बोरूंत सापडली. बाबांच्या शेजारी ठेवली, थडग्याची जागा निदान तेवढी राहिली होती. गावातले आणखी चौघे गेले. रेडिओवर गावाचं नाव ऐकून लांबलांबचे जावई आले, कुणी होडीनं, कुणी दोन दिवस चालत, आणि कमरेइतक्या चिखलात उभं राहून त्यांनी माती काढली. तुम्ही सीडी पाठवलीत.

सीडी मी घातली. तुम्ही म्हणता ते खरं आहे, कपात चहा ओतेपर्यंत उत्तर येतं. एका दुपारचं काम होतं, हे तुमच्याच हातचं वाक्य आहे. डिसेंबरापासून किती दुपारी गेल्या? आकडे वाढले की पेटी आणखी मागे पडणार, हे मला ठाऊक नव्हतं. तुम्हाला ठाऊक नव्हतं? मी एक शब्द मागितला होता. "बसव." तेवढा लिहिला असता तर चाझुका आजोबा खडकावर असते, तुमची पेटी चुलीत गेली असती तरी चाललं असतं. नाही लिहिलात, कारण तो शब्द साहेबांच्या कानावर गेला असता. आणि बायकोला थांबवायला कारण सुचलं नाही म्हणता! कारण तोंडात होतं, बाहेर काढायची लाज वाटली.

मी पण मूर्ख. गावासमोर घसा फोडून तुमची बाजू घेतली. लोक मला काही बोलत नाहीत, तेच जास्त लागतं.

सीडी घालण्याआधी एक गोष्ट केली. तुम्ही बंद केलेली लाल ओळ जुन्या प्रोग्राममध्ये परत चालू केली, तेवढं मला येतं. सुरू केल्याबरोबर ती उमटली. "हे मला येत नाही, विचारून आणतो." पहिल्याच क्षणाला. म्हणजे ती पेटी पहिल्या दिवसापासून खरं सांगत होती. तिचं तोंड तुम्ही बांधलंत, पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही म्हणून.

ताई झोंब्याला येणार नाही. तुमची चटई तिनं गुंडाळून दाराबाहेर ठेवलीय. दार आता म्फुमुंच्या आवारातलं, आमचं वाहून गेलं. चटई दाराबाहेर ठेवली की जावयानं काय समजायचं, ते आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही कळतं. तुम्ही तर आता प्रोफेसर.

ढोल पाण्यात गेला, नवा केलाय. चाझुका आजोबा पुन्हा खडकावर बसतात आणि पेटीचं काही ऐकून घेत नाहीत. परवा डोंगरावर ढग दिसले म्हणून त्यांनी वाजवला. सगळे शिस्तीत वर गेलो, पाणी आलंच नाही. ताईनं तियाला वर आणलं, माझ्याजवळ दिलं आणि पुन्हा खाली निघाली. मी हाक मारली, तरी थांबली नाही. आमचं घर होतं, आई पडली होती, तिथल्या चिखलात जाऊन जरा वेळ उभी राहिली आणि तशीच परत आली. म्हणाली, "बघ एस्नाती, दोन फेऱ्या होतात."

एस्नाती